एका बाळावर दोन पेपर

“पोराचं वजन चारचौघांत बोलू न्हाई,” असं आत्याबाई म्हणाल्या तेव्हा मी उभ्या उभ्या चहा पीत होते आणि पर्समध्ये खडूचा डबा शोधत होते.

“बोलत नाही, आत्याबाई, फळ्यावर लिहिणार आहे,” मी म्हणाले आणि निघाले. मला वाटलं, मी विनोद केला. त्या हसल्या नाहीत हे माझ्या लक्षात आलं नाही, आणि एरवी माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, रतनबाई. पोर म्हणजे अमृत, तेव्हा साडेआठ महिन्यांचा. मी स्नेहल, गणितात एम.एस्सी., कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे वेळापत्रकात तास असतील तर मी आहे, नसतील तर नाही.

यंदा नवा अभ्यासक्रम आला आणि त्याने एक खोडी केली. आधी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला लिनियर अल्जेब्रा आणि कॅल्क्युलस हे दोन्ही पेपर सक्तीचे होते. कुणी मुलांना विचारत नव्हतं आणि मुलंही काही म्हणत नव्हती. आता म्हणे दोन्हींतला एक निवडा. आमच्या विभागप्रमुख दमयंती मॅडम यांनी स्टाफरूममध्ये सरळ सांगितलं की मुलं एकतीस, खोली एक, त्यामुळे ज्या पेपरला सोळा मुलं मिळतील तो चालेल आणि दुसरा यंदा झाकून ठेवायचा. सहा आठवडे दोघांनी आपापल्या विषयाची ओळख करून द्यायची, मग मुलांनी फॉर्म भरायचे.

लिनियर माझा. कॅल्क्युलस नृसिंह सरांचा. आमच्याकडे एकाच आडनावाचे तीन सर आहेत, म्हणून यांना सगळे नावानेच ओळखतात. तीस वर्षं झाली त्यांना कॅल्क्युलस शिकवत. मलाही त्यांनीच शिकवलं. पेपर बंद पडला तरी ते नोकरीत राहणार होते, पुढच्या डिसेंबरात सन्मानाने निवृत्त होणार होते. माझा पेपर बंद पडला तर मी घरी. घरी बसले तर काय होईल हे मला स्वच्छ दिसत होतं: मी अमृतला दिवसातून चार वेळा तोलेन, आठ वेळा त्याच्या कपाळाला हात लावेन, आणि सहा महिन्यांत आम्ही दोघंही आजारी पडू. कॉलेजचे ते तास मला अमृतपासून दूर ठेवत होते आणि त्यामुळे अमृत सुखात होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला, अंगदला, न सांगता कळलं होतं.

तर पहिल्याच तासाला मी अमृतला फळ्यावर घेतलं. मुलांना समजेल असं उदाहरण हवं होतं. बाळ तीन गोष्टी खातं: नाचणीची पेज, वरणभात आणि कुस्करलेलं केळं. कशाने किती वजन वाढतं ते माहीत नाही, म्हणजे तीन अज्ञातं. दर आठवड्याला किती वाट्या गेल्या ते माहीत, वजन किती वाढलं तेही माहीत. मग प्रत्येक आठवडा म्हणजे एक समीकरण. “एका आठवड्याने काही कळणार नाही,” मी म्हणाले, “पण आठवडे एकाखाली एक रचत गेलो की सगळं उलगडतं. लिनियर अल्जेब्रा म्हणजे हेच. चार शेगड्या एकदम पेटलेल्या, पाहुणे दारात, आणि तरी कुठल्या भांड्यात काय कमी आहे ते आपल्याला माहीत.” फळ्यावर कोपऱ्यात मी चौकोन आखला आणि त्यात लिहिलं: चि. अमृत, ७.४०० किलो.

तेवढ्यात घरून फोन आला. अमृत दोनदा शिंकला होता. मी फोन कानाला लावून बाहेर पळाले.

आमच्या कॉलेजात एक रीत आहे, ज्याचा तास त्याने फळा पुसून जायचं. न पुसता गेलेला फळा पुढच्याचा. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण त्यावरून दोन प्राध्यापक चार वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्यानंतर तास नृसिंह सरांचा होता. त्यांनी आत येऊन फळ्याकडे पाहिलं, चष्मा वर सरकवला आणि डस्टरने माझी समीकरणं तेवढी पुसली. चौकोन ठेवला.

“मॅडम जाताना बाळ विसरून गेल्या,” ते मुलांना म्हणाले. “आता ते कॅल्क्युलसचं.”

मग त्यांनी म्हणे एक उभी आणि एक आडवी रेघ मारली आणि आलेख सुरू केला. सात किलो चारशे हा आकडा एकटा मुका आहे, असं त्यांनी सांगितलं. सात चारशेचं बाळ वाढत असेल तर पेढे वाटा, घटत असेल तर दवाखाना गाठा. आकडा तोच. आईला खरं जे विचारायचं असतं ते ‘किती’ नसतं, ‘किती वेगाने’ असतं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी माणसाने कॅल्क्युलस शोधलं. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मुलं आलेखाचा फोटो काढून घेऊन गेली.

मला हे सगळं सृष्टीकडून कळलं. सृष्टी म्हणजे पहिल्या बाकावरची, आमच्या तिसगावजवळच्या वस्तीवरून येणारी. बोलायला लागली की थांबत नाही, ऐकणाऱ्यालाच धाप लागते आणि तो पाण्याचा पेला शोधतो.

“म्याडम, सरांचं उदाहरन लई भारी वाटलं,” ती म्हणाली. “पन बाळ तर तुमचं हाय ना?”

मी स्टाफरूममध्ये जाऊन सरांना म्हणाले की माझं उदाहरण परत द्या. ते शांतपणे भेळ खात होते. म्हणाले, “स्नेहल, तू फळा पुसला नाहीस. आणि तुझं पोर माझ्या विषयाचं आहे, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. चार शेगड्या काय सांगतेस मुलांना? तू आयुष्यभर एकाच शेगडीसमोर उभी राहून दूध उतू जाईल का बघणारी. तुझा जन्म कॅल्क्युलससाठी आहे.”

हे इतकं खरं होतं की मी चिडून चहा न घेताच उठले.

पुढचे सहा आठवडे कॉलेजात दुसरं काही बोललंच गेलं नाही. भांडणाची गंमत अशी की दोघांचंही बरोबर होतं. सर म्हणायचे, कॅल्क्युलस मुलांना बारावीपासून ओळखीचं आहे, हात पकडून चढवता येतं, आणि ज्याला चढ-उतार कळला त्याला विहिरीचं पाणी, पिकाचा भाव, ताप, सगळं कळतं. मी म्हणायचे, हो, पण ज्याला बारावीला त्रिकोणमितीची सूत्रं पाठ झाली नाहीत त्याला कॅल्क्युलस दारातूनच हाकलतं. लिनियरला बेरीज आणि गुणाकार पुरतात. मराठी शाळेतून आलेली, विज्ञान चुकून घेतलेली, सगळी मुलं तिथे एका रेषेवर उभी राहतात. यावर सर म्हणायचे की तिसऱ्या आठवड्यापर्यंत. तिसऱ्या आठवड्यात तू त्यांना सांगशील की आकडे सोडा, आता अवकाशाची कल्पना करा, आणि निम्मा वर्ग खिडकीतून बाहेरच्या बाभळीची कल्पना करू लागेल. हेही खरं होतं. माझा विषय दारात गोड आणि माजघरात अवघड. सरांचा दारात अवघड, पण आत गेलं की ओसरी मोठी.

मुलांमध्ये दोन गट पडले. तरीही दोन्ही गटांना अमृतचं वजन हवं असायचं. ते आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी कळायचं. अंगणवाडीत वजन महिन्यातून एकदा होतं. एवढा धीर माझ्यात नाही. आमच्या घरासमोर बजरंगभाऊंची धान्याची आडत आहे, तिथे इलेक्ट्रॉनिक काटा आहे. बाजाराच्या दिवशी माझे कॉलेजात चार तास असतात, त्यामुळे आत्याबाई अमृतला तिथे नेत. बजरंगभाऊ आपल्या हाताने प्लास्टिकचा टब काट्यावर ठेवत, त्यात अमृत, आणि मग टबाचं वजन वजा. आडतीत पोत्याचं वजन असंच वजा करतात, त्याला बारदान म्हणतात. “बारदान वजा करून बरं का, वहिनी,” असं ते मला रस्त्यात थांबवून सांगत. आत्याबाई मग मला फोन करून आकडा सांगत. मी वर्गात असले तरी फोन उचलायचे, आणि वर्ग पेन सरसावून बसायचा.

पहिल्या आठवड्यात ७.५४०. दुसऱ्या आठवड्यात ७.७००. सरांनी सूचनाफलकावर खडूने आलेख काढला, वर शीर्षक ‘चि. अमृत यांची प्रगती’. शिपायापासून ग्रंथपालापर्यंत सगळे त्याच्यापुढे थांबत. तिसऱ्या आठवड्यात बसस्टँडवरचा पेरूवाला मला म्हणाला, “काय ताई, ह्या आठवड्याला चढ कमी झाला म्हनं.” मी तशीच फलकाकडे गेले. खरंच कमी झाला होता. ती रात्र मी कशी काढली ते सांगत नाही.

माझी पंचाईत तुमच्या ध्यानात आली असेल. वजन वाढलं की आई म्हणून माझ्या पोटात साखर पडायची आणि शिक्षिका म्हणून चार मुलं हातची जायची. सरांची रेघ जितकी वर तितकी त्यांच्या तासाला गर्दी. माझी समीकरणं मात्र नीट बसत नव्हती. पहिले तीन आठवडे घेऊन सोडवली तर उत्तर आलं की केळ्याने बाळाचं वजन घटतं. दुसरा, तिसरा आणि चौथा घेऊन सोडवली तर केळ्याने वाढतं, पण भाताने घटतं. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “म्याडम, मग बाळाला उपाशी ठेवायचं का?” सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण घरी जाऊन वही पुन्हा तपासली. कशाच्या किती वाट्या पोटात गेल्या याची माझी वही बिनचूक होती. माझ्या वहीत अमृतच्या तोंडात गेलेली माती सुद्धा लिहिलेली आहे, तारखेसह.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. फलकावर पोर जड होत होतं आणि संध्याकाळी घरी उचललं की तेवढं जड लागत नव्हतं. मला वाटलं, माझ्या हातांत ताकद आली.

सहाव्या बाजाराच्या दिवशी आत्याबाईंचा फोन आला तेव्हा नृसिंह सर मुद्दाम माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे होते, हातात लाल खडू घेऊन.

“आट किलो दोनशे साट,” आत्याबाई म्हणाल्या. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. आदल्या आठवड्याला ७.९७० होतं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. सरांनी मला वाकून नमस्कार केला आणि फलकाकडे निघाले. दुसऱ्या दिवशी फॉर्म भरायचे होते. मी डोळ्यांनी मोजलं, माझ्याकडे अकरा मुलं उरली होती.

तास संपला तरी सृष्टी उठली नाही. वही उघडून बसली होती.

“म्याडम, पाचव्या आठवड्यात आन् सहाव्यात बाळानं सारखंच खाल्लंय. वाटीला वाटी. तुमीच लिहून दिलंय.”

मी म्हणाले, हो.

“मंग पाचव्यात एकशे दहा ग्राम वाढलं आन् सहाव्यात दोनशे नव्वद, हे कसं? डावी बाजू तीच, उजवी निराळी.”

मी म्हणाले की बाळ आहे ते, वजनाआधी शी केली नसेल.

“म्याडम, माज्या भावाला मी वाढवलंय. एवढी शी कुनी करत न्हाई.” मग तिने वहीवर पेन्सिल आपटली. “एक अज्ञात राहिलंय. बाळासंगं अजून कायतरी काट्यावर जातंय. पेज न्हाई, भात न्हाई, केळं न्हाई. चौथं.”

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ‘बाळाचं चौथं अज्ञात’ असं कारण लिहिता येत नव्हतं, म्हणून ‘घरगुती’ लिहिलं.

बाजार अजून भरात होता. बजरंगभाऊंच्या आडतीपुढे ज्वारीच्या पोत्यांआड मी थांबले आणि बघितलं. आत बाजाराला आलेल्या चार बायका बसल्या होत्या, मधे आत्याबाई, आणि त्यांच्या मांडीवर पोळ्याच्या बैलासारखा सजलेला माझा मुलगा. पायांत चांदीचे वाळे. कमरेला साखळी. मनगटांत बिंदल्या. गळ्यात तीन ताईत आणि काळ्या दोऱ्यात ओवलेली घुंगरांची माळ. तो आनंदाने हे सगळं खुळखुळवत होता. मी पुढे झाले आणि त्याला उचललं तर लंगोटाच्या पट्ट्यातून काहीतरी टणक माझ्या हाताला लागलं. ओढून काढलं. सुपारी फोडायचा आडकित्ता होता. लोखंडी, जुना, आत्याबाईंच्या सासूच्या वेळचा.

बायका एकदम आपापल्या पिशव्या शोधू लागल्या.

आत्याबाईंनी मान खाली घातली नाही. मी ज्या दिवशी पोराला फळ्यावर मांडलं त्याच आठवड्यापासून त्या त्याला बाहेर नेताना वाळे घालत होत्या, आणि मी घरी यायच्या आत काढून ट्रंकेत ठेवत होत्या, कारण मी हसले असते. पुढच्या आठवड्यात सूचनाफलक झाला, म्हणून साखळी. मग पेरूवाला विचारू लागला, म्हणून बिंदल्या. असं आठवड्याला एक. सहाव्या आठवड्यात अंगदने घरी येऊन सांगितलं की साखर कारखान्यात त्याच्या प्रयोगशाळेतली माणसंही अमृतचा आकडा विचारतात. तेव्हा चांदीवर भागेना, लोखंड लागलं.

“एकतीस पोरं रोज बगत्यात,” त्या म्हणाल्या. “एकतीस जोड डोळ्यांना एक वाळं पुरतं व्हय? डोळं वाढलं तसं मी वाढवत गेले.”

मी वळून बजरंगभाऊंकडे पाहिलं. ते काट्याकडे बघत होते.

“वहिनी, मी बारदान वजा केलं,” ते म्हणाले. “पन मला वाटलं दागिने म्हंजी मालच हाय.”

मी अमृतला उघडा करून टबात ठेवला. सात किलो सहाशे नव्वद. मग ते सगळं दुसऱ्या टबात ठेवलं. पाचशे सत्तर ग्रॅम. कॅल्क्युलसच्या त्या देखण्या चढातला निम्म्याहून जास्त चढ आमच्या ट्रंकेतला होता.

पहिल्यांदा मला रडू आलं, आठ दोनशे साठचं पोर एका मिनिटात सात सहाशे नव्वदचं झालं म्हणून. मग मी हिशेब मांडला: सहा आठवड्यांत दोनशे नव्वद ग्रॅम. अंगणवाडीच्या ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, या वयाला एवढंच वाढतं, रांगायला लागलाय ना, तू घाबरू नकोस आणि मला बाजाराच्या दिवशी फोन करू नकोस. मग मी शांत झाले. आणि शांत झाल्यावर लक्षात आलं की माझ्या हातात हुकूम आला आहे. उद्या वर्गात हे नुसतं सांगितलं तरी पुरे. कॅल्क्युलसने सहा आठवडे आडकित्त्याचा वेग मोजला आणि लिनियरने तो पकडला.

पण मग आत्याबाईंचं काय? उद्या एकतीस पोरं हसतील, परवा सगळं तिसगाव. स्टँडवरचा पेरूवाला त्यांना विचारील, आज आडकित्ता आणला का. त्या बाजारात मान वर करून चालणाऱ्या बाई आहेत. मी संध्याकाळी अंगदला सांगितलं की मी काही बोलणार नाही. पेपर गेला तर गेला. तो म्हणाला, मग घरी बसशील? मी म्हणाले, बसेन. त्याने अमृतकडे बघितलं, दयेने. आत्याबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज मधेच थांबला होता, हे मला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या तासाला फॉर्म वाटले गेले. दमयंती मॅडम टेबलाशी, एका बाजूला नृसिंह सर, एका बाजूला मी. मुलांनी पेनांची टोपणं काढली आणि तेवढ्यात दारात आत्याबाई. कडेवर अमृत, हातात रुमालाचं गाठोडं. रिक्षाने आल्या होत्या. त्यांनी आत येऊ का विचारलं नाही. सरळ टेबलाशी आल्या, गाठ सोडली आणि एकेक वस्तू मांडली. वाळे, साखळी, बिंदल्या, ताईत, घुंगरांची माळ. शेवटी आडकित्ता, तो वाजला.

“हे तुमच्या आलेखात गेलंय,” त्या सरांना म्हणाल्या. “हे पोराचं न्हाई. हे माज्या भ्याचं वजन हाय. आमच्या सुनंचा इषय बुडवू नगा.”

मी जमिनीत जागा शोधत होते. सृष्टी उठली, धावत भौतिकशास्त्राच्या लॅबमधून वजनकाटा घेऊन आली आणि विचारलं, “आजी, कोनत्या आठवड्याला काय चढवलं, आठवतंय का?”

आजींना सगळं आठवत होतं. नृसिंह सरांनी खडू उचलला. आत्याबाई सांगत गेल्या, सृष्टी तोलत गेली, सर फळ्यावर एका उभ्या ओळीत बजरंगभाऊंचे आकडे आणि शेजारच्या ओळीत दागिने मांडून वजा करत गेले. साडेसात किलोच्या मागेपुढे सहा आकडे राहिले. एक सोडला तर दर आठवड्याला पन्नास ग्रॅम, त्या एकात चाळीस. सर बाहेर जाऊन फलकावरचा आपला लाल आलेख पुसून परत आले. फळ्यावर नवे ठिपके दिले आणि पट्टी लावून रेघ ओढली. मग मागे सरून बघत राहिले.

“मॅडम,” ते म्हणाले, वर्गात ते मला मॅडम म्हणतात, “ही तर सरळ रेघ आहे. हिच्यात मी काय शिकवू? आणि हे जे मी आत्ता केलं, ओळीतून ओळ वजा, हे तुमच्या पेपरातलं आहे.” त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि आत्याबाईंकडे वळून म्हणाले, “रतनबाई, तीस वर्षांत माझी चूक कुणी काढली नव्हती. तुम्ही गाठोड्यात बांधून आणलीत.”

तेव्हा वर्ग हसला. आत्याबाईही हसल्या, पदर तोंडाला लावून. पेरूवाल्याचं काय झालं ते सांगायला हवं: त्याने आत्याबाईंना आडकित्त्याबद्दल विचारलं, आणि त्यांनी त्याला असं काही उत्तर दिलं की तो आता आमच्या घरी पेरू फुकट देतो.

एकोणीस मुलांनी लिनियर घेतलं. माझे तास राहिले. अमृत आता घराच्या उंबऱ्यापर्यंत रांगतो, आणि मी त्याला महिन्यातून एकदाच तोलते. बरं, दोनदा.

पण मला हवी ती सोळा मुलं मिळाली म्हणून दुसऱ्या पेपराकडे बघायचं नाही असं थोडंच आहे. कॅल्क्युलसला बारा मुलं राहिली आणि ते बंद झालं. सरांना पगार आहे, खुर्ची आहे, तास नाही. पहिल्या आठवड्यात ते येऊन ग्रंथालयात बसले. दुसऱ्या आठवड्यात स्टाफरूममध्ये भेळ आणली आणि सगळी वाटून टाकली. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झालेली मला दिसली. मला असलं दिसतं. चौथ्या आठवड्यापासून रजा. त्यांच्या पत्नी मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्यात, सर घरी एकटे आहेत. मी दोनदा गेले. मी गेले की ते परीक्षेला बसल्यासारखे वागतात. दार उघडायच्या आत कपबशा मांडल्याचा आवाज येतो, जेवण झालंय असं मी विचारायच्या आधी सांगतात, आणि मला जिन्यापर्यंत पोचवायला येतात, म्हणजे मला आतल्या खोलीत जाता येऊ नये. शेवटी मी त्यांचा पेपर घेतलेली बाई. माझ्यापुढे ते बारीक झालेले दिसणार नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगते. तीस वर्षांत या तालुक्यात सरांकडे शिकला नाही असा पदवीधर शोधून सापडायचा नाही, म्हणजे तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणीतरी त्यांचं विद्यार्थी असणारच. तिसगावला स्टँडवर उतरलात की औषधाच्या दुकानाशेजारचा जिना, वरची खोली. चारनंतर जा, त्याआधी ते झोपल्याचं सोंग घेतात. मी पाठवलं असं अजिबात बोलू नका. एखादं अडलेलं गणित घेऊन जा, खरंखुरं अडलेलं, खोटं त्यांना लगेच कळतं. गणित सुरू झालं की ते कागदावरून मान वर करत नाहीत. तेवढ्यात पाणी प्यायच्या निमित्ताने आत जा, आणि कुकर गरम आहे का तेवढं हात लावून बघा.